वेग आणि विवेक

मनुष्यविरहित लढाऊ विमान ध्वनीहून वेगवान असावें, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचें एक उदाहरण येथें उद्बोधक आहे. ‘निशांत’ विमानाचें ५५ अश्वशक्तीचें वाँकेल इंजिन सिद्ध करण्यांत तिचा वाटा होता. २००९ सालीं त्यावर विमान उडालें. परंतु हें इंजिन पंखा फिरवितें, आणि पंख्याचीं टोकें ध्वनिवेगास पोहोंचतांच त्याचा जोर ओसरतो. पुढें जेटच हवें. त्यास पश्चदहनाची जोड दिल्यास वेग वाढतो. मात्र इंधन झपाट्यानें सरतें आणि उष्णतेवरून शत्रूस सुगावा लागतो. ‘निशांत’चें काम टेहळणीचें, तेथें वेगापेक्षां आकाशांत टिकणें महत्त्वाचें. म्हणून आधीं कार्य ठरवावें, मग इंजिन. विमानांत मनुष्य नसला, तरी हा विवेक मनुष्यानेंच करावयाचा असतो, असें आम्हांस वाटतें.