नियम कोणता, मंत्रचळ कोणता?

दुकानाचे शटर ओढून, कुलूप दोनदा हिसडून पाहून धाकटे भाऊ घरी येतात. उंबरठ्याशी येताच मनात शंका उठते आणि ते परत दुकानाकडे वळतात. तिसऱ्या फेरीनंतर वहिनींना विचारतात, “वहिनी, कुलूप लागले असेल ना?” “लागले हो, भाऊजी.” पाच मिनिटे बरी जातात. मग पुन्हा तोच प्रश्न.

दुसऱ्या घरी सूनबाई गाळलेले पाणी पुन्हा गाळतात, सहा-सहा वेळा. फडक्यात एखादा जीव राहिला असेल ही भीती सुटत नाही. माळ जपताना मन क्षणभर भरकटले, म्हणून 108 मणी पुन्हा पहिल्यापासून. घरची मंडळी आधी कौतुक करतात, नंतर चिडतात. हा आजार असेल, असे मात्र फार उशिरा कोणाच्या मनात येते.

मराठीत यासाठी ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द आहे. डॉक्टर त्यास ओसीडी म्हणतात. शंभरांत दोघा-तिघांना तो आयुष्यात केव्हातरी जडतो आणि बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव घाबरा होतो, ती घबराट शमविण्यासाठी माणूस एखादी कृती करतो आणि क्षणभर हायसे वाटते. या हायसे वाटण्यातच मेख आहे. कृती केली म्हणूनच अनर्थ टळला, असे मन शिकते आणि पुढच्या वेळी अधिक मागते.

आपल्या समाजात प्रश्न नाजूक होतो, कारण शुद्धी, जीवदया आणि भावांची जपणूक हे आपले संस्कारच आहेत. मग ओळखावे कसे? मला एक खूण उपयोगी वाटते. नियमाला मर्यादा असते. सामायिक 48 मिनिटांचे. पच्चक्खाणाला ठरलेली वेळ असते, ती झाली की ते पाळता येते. मंत्रचळाला पूर्तता ठाऊकच नाही. देरासरात मूर्तीसमोर अभद्र विचार येऊन जो तरुण हादरतो, त्याने हेही जाणावे की गृहस्थाला प्रथम सोडावयाची असते ती संकल्पी हिंसा. ज्या विचाराने स्वतःच कापरे भरते, त्यात संकल्प कुठला? महाराजसाहेबांना हे मोकळेपणाने विचारावे. मात्र एकदाच, दररोज विचारू लागलो, तर तोही मंत्रचळच.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. 1966 साली लंडनमधील मानसतज्ज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना भीतीच्या प्रसंगास सामोरे नेले आणि नेहमीची कृती करण्यापासून रोखले. दोघांतही मोठी सुधारणा झाली. आजची प्रमुख मानसोपचारपद्धती याच वाटेने जाते. सोप्या भीतीपासून आरंभ होतो: कुलूप एकदा लावावयाचे, वळून पाहावयाचे नाही, आणि येणारी बेचैनी तशीच सोसावयाची. अशा सरावाने शंकेचा जोर ओसरू लागतो.

सोबत सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधे देतात. नैराश्यापेक्षा मात्रा अनेकदा अधिक लागते आणि पुरता गुण दिसावयास आठ ते बारा आठवडे जातात. महिनाभरात ‘उपयोग नाही’ म्हणून ती सोडू नयेत. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून औषधच बंद केलेली घरे आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्यास गोळीचा पर्याय निघतो. चौविहार असेल तर दिवसाची वेळ मागून घ्यावी. पर्युषणात उपवास करावयाचे असतील तर आधीच विचारावे. औषध एकाएकी तोडल्यास त्रास उलटतो. स्थळ मोडेल म्हणून लग्न होईतो लपवाछपवी करणे सर्वांत वाईट. उपचाराची वर्षे त्यात वाया जातात आणि नव्या सुनेवर किंवा जावयावर अन्याय होतो तो वेगळाच.

घरच्यांना शिकावे लागते ते न बोलणे. “लागले हो” हे प्रत्येक उत्तर म्हणजे त्या शंकेला दिलेली उधारी आहे. ती वसूल कधीच होत नाही. पण एका दिवसात खाते बंद करून माणसाला एकटे पाडू नये. उपचारकांसमोर बसून सर्वांनी मिळून ठरवावे. मग वहिनींनी एवढेच म्हणावे, “भाऊजी, याचे उत्तर द्यायचे नाही असे आपण ठरवले आहे ना? या, बसा जरा माझ्याजवळ.” पहिले काही दिवस कठीण जातात, रडारडही होते.

कोठून सुरुवात करावी हे न समजल्यास 14416 हा शासनाचा ‘टेलिमानस’ क्रमांक आहे. तेथे विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.