बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होते

"दारूला शिवत नाही, अंगावर मांस नाही, मग लिव्हरवर चरबी कुठून आली?" सोनोग्राफीचा कागद हातात पडल्यावर वस्तीत हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. जव्हार-मोखाडा म्हटले की लोकांना १९९२ सालचे वावर-वांगणीचे बालमृत्यू आठवतात. अशा कुपोषणाच्या मुलखात चरबीचा आजार म्हणजे थट्टाच वाटते.

पण दोन्हींचा संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अभ्यास केला. आपली नवजात बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. त्यांच्यात स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. असे शरीर पुढे बारीक दिसले तरी पोटात चरबी धरते आणि साखर वाढते. जास्तीची चरबी मग लिव्हरमध्ये साठते.

सगळ्यांचेच लिव्हर पुढे कडक होत नाही. इथे जीन येतो. पीएनपीएलए३ या जीनमधील एका बदलाचा फॅटी लिव्हरशी संबंध २००८ साली उघड झाला. हा बदल असला की पेशीतले चरबीचे थेंब नीट फुटत नाहीत, साचून राहतात. पेशी सुजतात, मरतात, आणि जखमेवर वण राहावा तसे कडक धागे लिव्हरभर पसरतात. आई-वडील दोघांकडून बदल आला तर धोका अधिक.

जीन म्हणजे जात नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. हा बदल जगभरच्या सर्व समाजांत कमी-अधिक आढळतो. शिवाय तो एकटा फार काही करत नाही. पोटाचा घेर, मधुमेह आणि दारू यांची जोड मिळाली की जोर धरतो. जीन बदलता येत नाही, बाकीचे आवरता येते. म्हणून जीनच्या महागड्या तपासणीमागे लागू नका.

त्यापेक्षा कंबर मोजा. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासा. फॅटी लिव्हर निघाले तर डॉक्टरांना विचारा, "वण किती?" वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून त्याचा अंदाज येतो. एकटे एसजीपीटी नॉर्मल आले म्हणून निर्धास्त राहू नका. लवकर कळले तर वण कमीही होतो. पोटात पाणी, डोळे पिवळे किंवा रक्ताची उलटी झाली तर मात्र घरी थांबायचे नाही. त्याच दिवशी मोखाड्याचे ग्रामीण किंवा जव्हारचे कुटीर रुग्णालय गाठायचे.