चंद्राच्या पाठीमागे चीन

२०२३च्या गणपतीत आमच्या घरी चांद्रयानाचा देखावा होता. त्या वर्षी निम्म्या घरांत तोच असावा. पुठ्ठ्याचा विक्रम सोनेरी कागदात गुंडाळलेला, चंद्राची माती म्हणून ताईने रांगोळीत राख मिसळून पसरलेली आणि त्या खड्ड्यांच्या मधोमध बाप्पा. आरतीला आलेले एक काका प्रसाद घेता घेता म्हणाले, "जे चीनला जमलं नाही ते आपण करून दाखवलं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा भाचा तेव्हा नववीत होता. तो पटकन बोलला, "मामा, पण चीनने तर तिथून दगड आणलेत ना?"

मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून. नंतर मात्र ते मला खटकत राहिलं, कारण पोराचा प्रश्न रास्त होता. आता तो अकरावीत आहे आणि उत्तर अजून मागतोय. म्हणून हा लेख.

आधी काकांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला, तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ कोणीच उतरलेलं नव्हतं, चीनही नाही. मंगळाचंही तसंच. चीनचं पहिलं मंगळयान, यिंगहुओ, २०११ मध्ये रशियन यानाबरोबर गेलं आणि ते रशियन यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकून पडलं. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ला पहिल्याच प्रयत्नात मंगळाभोवती फिरू लागलं. आशियातलं पहिलं. याचा अभिमान वाटलाच पाहिजे, मलाही वाटतो.

पण आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. चीनचं पहिलं चांद्रयान, चांग-ई १, २४ ऑक्टोबर २००७ला निघालं. आपलं चांद्रयान-१ निघालं २२ ऑक्टोबर २००८ला. जेमतेम एका वर्षाचा फरक. मी तेव्हा बीईच्या पहिल्या वर्षाला होतो. त्यानंतरच्या सोळा वर्षांत आपण चंद्रावर तीन मोहिमा पाठवल्या. चीनने २०२४पर्यंत क्रमांकाच्या सहा पाठवल्या. त्यांतल्या चार उतरण्यासाठी होत्या आणि चारही नीट उतरल्या. हे कसं जमलं? पैसा जास्त होता, हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला त्यांची एक पद्धत फार आवडते. २००४ मध्ये त्यांनी तीन पायऱ्या ठरवल्या: आधी चंद्राभोवती फिरायचं, मग उतरायचं, मग माती घेऊन परत यायचं. आणि प्रत्येक पायरीसाठी एकसारखी दोन यानं बांधायची. पहिलं फसलं तर दुसरं तयार. पहिलं यशस्वी झालं तर दुसरं गोदामात ठेवायचं नाही, त्याला आणखी अवघड काम द्यायचं.

चांग-ई १ चंद्राभोवती फिरलं. त्याचा जोडीदार चांग-ई २, २०१० मध्ये गेला, चंद्राचे आणखी बारकाईने फोटो काढले आणि इंधन उरलं म्हणून पुढे निघाला. १३ डिसेंबर २०१२ला तो टाउटाटिस नावाच्या लघुग्रहाच्या अवघ्या तीन किलोमीटरच्या आसपासहून गेला. जादा म्हणून बांधलेलं यान, आणि लघुग्रह बघून आलं! चांग-ई ३, १४ डिसेंबर २०१३ला उतरलं. त्याची गाडी 'युतू' महिन्याभरातच चालायची थांबली, तरी एका जागी बसून अडीच वर्षं माहिती पाठवत राहिली. तिच्यात काय बिघडलं ते शोधून जोडीदार सुधारला. तोच चांग-ई ४. चांग-ई ५ने डिसेंबर २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम माती-दगड आणले आणि चांग-ई ६ हा त्याचा जोडीदार.

आमच्या धंद्यात बजेट कापायची वेळ आली की सगळ्यांत आधी टेस्टिंगचा सर्व्हर जातो. "चाललंय ना? मग दुसरा कशाला?" हे वाक्य मी इतक्या मीटिंगांमध्ये ऐकलंय की चीनच्या या जोड्या बघून मला खरंच हेवा वाटतो.

त्यांचंही सगळं सुरळीत गेलं असं नाही. चांग-ई ५ खरं तर २०१७ मध्येच निघायचं होतं. ते ज्या लाँग मार्च-५ रॉकेटवर जाणार होतं, ते त्या वर्षी २ जुलैला दुसऱ्याच उड्डाणात फसलं. दोष इंजिनाच्या टर्बोपंपाचा. पुढचं उड्डाण झालं २७ डिसेंबर २०१९ला. अडीच वर्षं रॉकेट जमिनीवर, यान गोदामात, आणि माणसं तेच इंजिन पुन्हा पुन्हा पेटवून बघतायत. त्यांनी घाईने दुसरं रॉकेट शोधलं नाही, यानही लहान केलं नाही. आपल्याकडे चांद्रयान-२चा विक्रम ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे हरवला, तेव्हा इस्रोने जे केलं तेही याच जातीचं होतं. काय बरोबर चालेल याचा विचार करण्याऐवजी काय काय बिघडू शकतं त्याची यादी करून चांद्रयान-३ बांधलं. ती चार वर्षंही अशीच गेली असणार. पण टीव्हीवर आपण पाहिली ती शेवटची वीस मिनिटं.

आता चंद्राच्या पाठीकडे जाऊ. चंद्राचा एकच चेहरा कायम आपल्याकडे असतो. मागची बाजू पृथ्वीवरून दिसत नाही, त्यामुळे तिथे उतरलेल्या यानाशी थेट बोलताही येत नाही. समजा, तुम्ही आपल्या किल्ल्याच्या पश्चिमेला उरवाई गेटला उभे आहात आणि तुमचा मित्र पूर्वेला किला गेटच्या पायथ्याशी. मध्ये अख्खा डोंगर. तुम्ही कितीही टॉर्च हलवा, त्याला दिसणार नाही. पण वर तटावर दोघांनाही दिसेल असा तिसरा कोणी उभा राहिला तर निरोप पोचेल. चीनने असा तिसरा आधी उभा केला. मे २०१८ मध्ये 'छ्वेछ्याओ' हा उपग्रह चंद्राच्याही पलीकडे, सुमारे ६५ हजार किलोमीटरवर अशा जागी नेऊन ठेवला की त्याला चंद्राची पाठही दिसावी आणि पृथ्वीही. मग ३ जानेवारी २०१९ला चांग-ई ४ त्या पाठीवर उतरलं. माणसाने बनवलेलं काहीही तिथे अलगद उतरण्याची ती पहिलीच वेळ. आणि जून २०२४ मध्ये चांग-ई ६ने तिथूनच १,९३५ ग्रॅम माती आणली. तेही जगात पहिल्यांदा. समोरच्या बाजूचे दगड अमेरिकेने, रशियाने आणले होते. मागच्या बाजूचा खडाही कोणाकडे नव्हता. त्या मातीत सुमारे २८० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे कण मिळाले.

या नावांबद्दल थोडं सांगतो, कारण ते मला चिनी धोरणापेक्षाही गोड वाटतं. चांग-ई ही त्यांची चंद्रावर राहणारी देवी. युतू म्हणजे तिचा जेडचा ससा. आपणही चंद्राला शशांक म्हणतो, सशाची खूण असलेला! दोघांनी एकाच डागात एकच प्राणी पाहिला. छ्वेछ्याओ म्हणजे पक्ष्यांचा पूल. त्यांच्या गोष्टीत एक विणकरीण आणि एक गुराखी आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट होऊन राहतात आणि वर्षातून एकदा पक्षी पूल बांधून त्यांची भेट घडवतात. ती विणकरीण म्हणजे आपला अभिजित आणि गुराखी म्हणजे श्रवण. पावसाळा संपला की गच्चीवरून दोन्ही तारे दिसतात, मुलांना दाखवा.

देवाणघेवाणही जुनीच आहे. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा अशी नोंद आहे आणि दोन्ही आकड्यांत शून्य स्पष्ट कोरलेलं आहे. ते बघायला परदेशातून माणसं येतात आणि आपण त्याच्यावरून सरळ निघून जातो. पण त्याच्याही दीडशे वर्षं आधी, इ.स. ७१८च्या सुमारास, चीनच्या तांग दरबारात गौतम सिद्ध नावाचा भारतीय वंशाचा ज्योतिषी होता. त्याने नवग्रहांचं भारतीय गणित चिनी भाषेत नेलं, आणि त्यात शून्य एका टिंबाने लिहून दाखवलं.

पुढचे बेत ऐकले की काकांच्या वाक्यातला जोर जरा कमी होतो. २०२६ मध्ये चांग-ई ७ दक्षिण ध्रुवाजवळ, शॅकल्टन विवराच्या कडेला जाणार आहे. त्याच्याबरोबर उड्या मारणारं एक छोटं यंत्र असेल. जिथे सूर्याचा किरण कधीच पोचत नाही अशा खड्ड्यात ते शिरेल आणि गोठलेलं पाणी शोधेल. त्यानंतर चांग-ई ८, चंद्राच्याच मातीच्या विटा तिथेच करून बघायला. २०३० सालापर्यंत दोन चिनी माणसं चंद्रावर उतरवायची आहेत. 'लानयुए' या त्यांच्या यानाची उतरण्याची आणि उडण्याची चाचणी २०२५च्या ऑगस्टमध्ये जमिनीवर झालीसुद्धा. २०३५च्या सुमारास रशियाबरोबर तळ. तिकडे मे २०२५ मध्ये निघालेलं थिआनवेन-२ एका लघुग्रहाकडे चाललंय, तिथली माती पाठवून ते पुढे एका धूमकेतूकडे जाईल. थिआनवेन-३ मंगळाची माती आणायला २०२८च्या सुमारास, आणि थिआनवेन-४ गुरूकडे.

ध्रुवाचं विशेष मला वाटतं. तिथे पाणी आहे आणि शेजारच्या काही उंच कडांवर जवळजवळ कायम ऊन असतं. म्हणजे पाणी आणि वीज एकाच ठिकाणी. अशा जागा मोजक्याच आहेत. १९६७च्या करारानुसार चंद्र कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, पण बाकावर आधी जो रुमाल टाकतो त्याच्याशी भांडायला कोण जातं? अमेरिका तिथेच जाणार, चीन तिथेच जाणार. आपण २०२३ मध्ये अमेरिकेच्या आर्टेमिस करारावर सही केली आहे आणि जपानबरोबर चांद्रयान-५ ध्रुवावरच न्यायचं ठरलं आहे. चांद्रयानांतून आपण काय शिकलो आणि कुठे पोचलो, हे आता या रांगेत मोजलं जाईल. व्हॉट्सॲपवरच्या तुलनेत नाही.

आपण रिकाम्या हाताने उभे नाही. विक्रमने जाता जाता ३ सप्टेंबर २०२३ला चंद्रावर इंजिन पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटीमीटरची उडी मारली. हसू येईल इतकी छोटी, पण परत यायचं तर आधी तिथून उठता यायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांनी अवकाशात एकमेकांना जोडून दाखवलं. चांद्रयान-४ला हेच दोन्ही लागणार आहे. मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी २,१०४ कोटी मंजूर केले. ते चंद्राची माती आणेल. चांग-ई ५ने २०२० मध्ये केलं तेच काम. भाच्याला मी आता हेच सांगितलं: हो, त्यांनी दगड आणलेत, आपण अजून नाही, आणि हे बोलायला पाहुण्यांसमोरही हरकत नाही.

त्यावर त्याने दुसरा प्रश्न काढला. "मामा, तू का नाही गेलास इस्रोत?"

फॉर्म भरला होता, हे मी त्याला सांगितलं. परीक्षा होती त्या आठवड्यात जॉइनिंग आलं. घरी सगळे म्हणाले, हातातलं सोडू नकोस, आणि मला स्वतःलाही हातातलंच हवं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. थुंब्याची जागा शोधणारे एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे होते. १९६३ मध्ये त्या कोळ्यांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा तिथे कोणतं पॅकेज होतं? हे मी त्याला विचारलं नाही, स्वतःलाच विचारलं. त्याला फक्त तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीची वेबसाइट उघडून दिली. प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डवरून होतो, हे त्याला आधीच माहीत होतं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्याने ऑगस्ट २०२६च्या पानावर पेन्सिलीने 'चांग-ई ७' लिहून ठेवलंय. तारीख पुढे-मागे होईल म्हणून पेन्सिल. परवा दुधाचा हिशेब लिहिताना आईचं तिकडे लक्ष गेलं. म्हणाली, "हे कोण रे? कुणाचा वाढदिवस आहे का?"