निवारता येणारे बहिरेपण

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, म्हणजे ते मुके, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. वास्तविक अशा पुष्कळ मुलांची जीभ निर्दोष असते. जे कधी कानी पडले नाही ते ओठी यावे कसे? मग कोणी पूर्वसंचिताला बोल लावतो, कोणी गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून आईला दोष देतो, आणि या वादात भाषा शिकण्याची मोलाची वर्षे हातची निघून जातात.

१९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजेच जर्मन गोवर, येऊन गेला होता. हा आजार दिसायला मामुली. किंचित ताप, अंगावर पुरळ, आणि तीन-चार दिवसांत सारे शांत. परंतु पहिल्या तीन महिन्यांत त्याचे विषाणू गर्भापर्यंत पोहोचले, तर डोळे, हृदय आणि कान यांच्या घडणीतच विघ्न येते. १९६४-६५ च्या साथीनंतर एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके हा दोषसमूह घेऊन जन्मली. त्यांपैकी हजारो कर्णबधिर होती. १९६९ पासून तेथे या रोगावरील लस मिळू लागली.

भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्याच टप्प्यात गोव्याचा आणि शेजारच्या कर्नाटकाचा समावेश होता, ही समाधानाची गोष्ट. पण ती मोहीम नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांसाठी होती. त्या वेळी ज्या मुलींनी ही मर्यादा ओलांडली होती, त्या तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. आज त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी लग्नाची बोलणी चालू असतील, कित्येकींच्या घरी पाळणाही हलणार असेल. ही लस गर्भवतीला देता येत नाही; म्हणून विचार आधीच झाला पाहिजे. पत्रिका जुळविण्यासाठी आपण ज्योतिषाकडे जितक्या तत्परतेने जातो, तितक्याच तत्परतेने या एका लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला काय हरकत आहे?

अर्थात प्रत्येक बहिरेपण रुबेलामुळे येत नाही. काही आनुवंशिकही असते. म्हणून प्रत्येक नवजात बालकाच्या कानांची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असा आज जगन्मान्य संकेत आहे. रुबेलाचे बहिरेपण काही वेळा उशिरा प्रकट होते, तेव्हा एकदा तपासून निश्चिंत होणेही बरे नव्हे. आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याचे डोळे व हृदयही तपासले जावे.

बाळंतपण जिथे जिथे होते, तिथे ही तपासणी उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ती मागणे हे आईबापांचे. आणि आईला दूषण देणे थांबविणे हे आपणा सर्वांचे.