जुहूच्या धावपट्टीवर एअरबस

सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान उडवण्याची आभासी सोय. त्यात मुंबईतल्या जुहू विमानतळाच्या जेमतेम 1,140 मीटर धावपट्टीवर एअरबस ए-320 उतरवून थांबवता येतं. मग विमान कंपन्या दोन-दोन किलोमीटर का मागतात? सिम्युलेटर खोटा आहे का? बहुतेक वेळा नाही. आपलीच दोन आकड्यांत गल्लत होते.

पहिला आकडा प्रत्यक्ष थांबण्याच्या अंतराचा. विमान धावपट्टीच्या सुरुवातीवर 50 फूट उंचीला असतं, तिथपासून हे अंतर मोजतात. चाकं टेकतात तिथपासून नव्हे. समजा, कोरड्या पट्टीवर ते 1,200 मीटर भरलं.

दुसरा आकडा नियमाचा. उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत जेट विमान थांबायला हवं, म्हणून 1,200 मीटरसाठी पट्टी 2,000 मीटरची लागते. ती ओली असेल तर आणखी 15 टक्के, म्हणजे 2,300. ही राखीव जागा माणसाच्या चुकांसाठी असते. सिम्युलेटर ती मागत नाही, आपणच सोडायची असते.

आता उतरण्याआधी वजन तपासा. टाकीत थोडंसं इंधन आणि रिकाम्या खुर्च्या घेऊन लहान पट्टी जिंकण्यात अर्थ नाही. प्रवासी आणि सामान भरा.

मग हवामान. वारा शून्य ठेवू नका. पाठीमागून दहा नॉटचा वारा असेल तर उतरण्याचं अंतर साधारण पाचव्या हिश्शाने वाढतं. लेहसारख्या उंच ठिकाणी हवा विरळ. वेगदर्शकावर आकडा तोच दिसतो, पण जमिनीवरून विमान बरंच जोरात धावत असतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो चाकं टेकताना. अलगद उतरण्याच्या मोहात आपण नाक वर धरून राहतो आणि विमान पट्टीवर तरंगत जातं. दर सेकंदाला साठ-सत्तर मीटर हातचे जातात. ऑगस्ट 2020 मध्ये कोझिकोडला पावसात, पाठीमागून वारा असताना, 2,700 मीटरच्या पट्टीवर बोइंग 737 साधारण 1,350 मीटरवर टेकलं. ते टोकापलीकडे दरीत गेलं आणि 21 जणांचा जीव गेला. म्हणून पहिल्या साडेचारशे मीटरच्या आसपास चाकं टेकली नाहीत, तर सिम्युलेटरमध्येही पुन्हा वर चला. हलका धक्का बसला तरी चालेल.

शेवटी उड्डाण. उतरता आलं म्हणजे उडता येईलच असं नाही. वेग घेताना एक क्षण असा येतो, की तोपर्यंतच उड्डाण रद्द करता येतं. त्या वेगाला व्ही-वन म्हणतात. त्याच्या अगदी आधी एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या पट्टीवर थांबता आलं पाहिजे.

जुहूवर खरोखरच एक मोठं जेट उतरलं होतं. 1972 मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 च्या वैमानिकाने जुहूलाच मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ समजून विमान उतरवलं. पट्टी संपली, विमान पुढे गेलं. माणसं वाचली, विमान मात्र पुन्हा उडालं नाही.