खाडीपट्ट्यात नवं भात येण्याआधी

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले: 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १'. शिफारशीच्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. महाड-पोलादपुरात त्यावर आत्ताच बोलायला हवं.

गैरसमज: हे बीटीसारखंच.
वस्तुस्थिती: बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलं आहे. इथे क्रिस्पर तंत्राने भाताच्याच एका जनुकात काटछाट केली आहे. 'पुसा डीएसटी' हे एमटीयू १०१० या जुन्या वाणाचं रूप. त्यातलं एक जनुक निकामी केल्याने पानावरची रंध्रं कमी होतात, पाणी कमी उडतं आणि रोप खारेपणा सोसतं.

गैरसमज: याचे पराग शिवारभर पसरतील.
वस्तुस्थिती: भात बहुतांशी स्वपरागी आहे. रानटी भात जवळ असेल तिथे मात्र लक्ष ठेवावं.

गैरसमज: परकं जनुक नाही, सरकारनेही सूट दिली, म्हणजे काळजीचं कारण नाही.
वस्तुस्थिती: ३० मार्च २०२२ च्या आदेशाने अशा वाणांना जनुक-बदलांवरच्या १९८९ च्या नियमांतल्या बऱ्याच कलमांतून सूट मिळाली. परकं जनुक उरलेलं नाही याची खात्री समित्या करतात. पण वाण आपल्या खाचरात कसा वागेल, हे त्या खात्रीतून कळत नाही. किनाऱ्यावरच्या खारवट जमिनीत 'पुसा डीएसटी'चं उत्पन्न ३०.४ टक्के जास्त, असा दावा आहे. काही संघटनांनी चाचण्यांचेच आकडे पुढे करून त्यावर आक्षेप घेतला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे: हे ३० टक्के मूळ वाणाच्या तुलनेत आहेत. बांध फुटून खाडीचं पाणी आवणात शिरतं, तेव्हा शेतकऱ्यापुढे खरा पर्याय असतो तो पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या 'पनवेल' वाणांचा. तुलना त्यांच्याशी व्हायला हवी. पोलादपूरच्या वरकस उतारावरच्या नाचणी-वरीला तर यातलं काहीच लागू नाही.

गैरसमज: शंका घेणारे विज्ञानाचे विरोधक.
वस्तुस्थिती: जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. तिथे शेतकऱ्याला निदान बोलता आलं. शंका विज्ञानावर नाही, जोखमीवर आहे: वर्षाला एकच पीक घेणाऱ्याचं आवण फसलं, तर पुढचं पीक हाती येईपर्यंत घरासाठी तांदूळ विकत आणावा लागतो. म्हणून बियाण्याच्या पिशवीवर 'जनुक-संपादित' असं मराठीत ठळक छापलेलं हवं. पहिली लावणी दोन-चार गुंठ्यांत, शेजारी 'पनवेल ३' लावून व्हावी. आणि पीक बुडालं तर भरपाई कोण देणार, ते दाढ टाकण्याआधी लेखी मिळायला हवं.