दगडातले बिनतिकिटी प्रवासी

टाकीवरचे दिवे विझून दोन तास झालेले असतात. मासे दगडांच्या फटींत जाऊन पडलेले. अशा वेळी टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळून काचेला नाक लावलं, की दिवसा न दिसणारी वस्ती दिसायला लागते. एका छिद्रातून गुलाबी-करडी अळी अर्धी बाहेर येते. तिच्या दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असते. वाळूत पडलेला खाण्याचा दाणा धरून ती मागच्या मागे आत ओढून नेते. काचेवर तांदळाच्या कणीएवढा तारामासा सरकत असतो. दगडाला चिकटलेल्या बारीक नळीतून कोळिष्टकासारखा चिकट धागा पाण्यात तरंगतो. यातलं काहीही मालकाने विकत आणलेलं नसतं.

नागपुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणं हाच मुळात हट्टाचा मामला आहे. समृद्धी महामार्गाने गेलं तरी मुंबईचा किनारा सातशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे समुद्र बादलीतच कालवावा लागतो: आरओचं पाणी आणि लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम तयार समुद्री मीठ. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहिलं तर प्रवाळं खूश. बाहेर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. ज्याला चिलर परवडत नाही तो पाण्यावर पंखा सोडतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ज्या तत्त्वावर खोली गार करतो त्याच तत्त्वावर टाकीही गार होते आणि इथल्या कोरड्या हवेत हा उपाय मुंबईपेक्षा चांगला लागू पडतो. फक्त पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोज गोडं पाणी वरून घालावं लागतं.

एवढ्या खटाटोपाने उभ्या केलेल्या समुद्रात हे आगंतुक येतात कुठून? पूर्वी मुख्य वाहन होतं ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचे सच्छिद्र, जीवांनी भरलेले दगड. पण रीफ बांधणारी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. मालवणच्या किनाऱ्यावरचा किंवा कच्छच्या आखातातला प्रवाळखडक उचलून विकणं हा गुन्हा आहे, आणि ‘ओळखीतून’ मिळाला म्हणून तो गुन्हा कमी होत नाही. शहाणा हौशी कोरड्या किंवा कृत्रिम दगडापासून सुरुवात करतो. तरीही फुकटे प्रवासी येतातच. शैवालाच्या जुडग्यात, शंखाच्या पाठीवर, मऊ प्रवाळाचा तुकडा ज्या बुंध्यावर चिकटवलेला असतो त्याच्या खालच्या खाचेत त्यांची सोय झालेली असते.

त्या झालरवाल्या अळीला हौशी मंडळी ‘ब्रिसल वर्म’ म्हणतात. नवख्याची पहिली किंचाळी तिच्याच नावावर असते, आणि टाकीतली सफाई कामगारही बहुधा तीच असते. उरलेलं अन्न, मेलेला मासा, दगडाखाली साचलेला गाळ ती गिळते. तिची संख्या फार वाढली तर दोष अळीचा नसतो, जास्त खाणं टाकणाऱ्या हाताचा असतो. तो हात उघडा मात्र घालू नये. तिचे केस काचतंतूसारखे बोटात घुसतात. चिकटपट्टी लावून ओढले की निघतात. अटलांटिकमधली ‘फायर वर्म’ ही तिची चुलत बहीण खरोखरच प्रवाळं खाते, पण घरगुती टाकीत ती क्वचितच निघते.

खेकड्यांच्या बाबतीत घाई आणखी महाग पडते. काळ्या टोकांच्या नांग्या आणि केसाळ पाय दिसले की संशय घ्यावा. पण पॅसिफिक आणि हिंदी महासागरातल्या फांदीदार प्रवाळांत राहणारा ट्रॅपिझिया हा गुळगुळीत, छोटा खेकडा प्रवाळाचा राखणदार असतो. तो फांद्यांवरचा गाळ झाडतो आणि प्रवाळं खाणारा काटेरी तारामासा चालून आला तर त्याचे पाय चिमटून त्याला हाकलतो. तो दिसताच चिमटा उचलणारा मालक आपल्याच घराचा पहारेकरी काढून टाकत असतो.

खरा उपद्रवी बघायला मात्र गोंडस असतो. एप्टेशिया हे पारदर्शक तपकिरी समुद्रफूल ताडाच्या झाडासारखं दिसतं. नखाएवढं एक असलं तर मालक कौतुकाने फोटो काढतो. काही महिन्यांनी त्याची चाळीस होतात आणि शेजारची प्रवाळं त्यांच्या डंखाने आकसतात. याला खरवडायचं नाही, हा धडा बहुतेकांना उशिरा मिळतो. त्याच्या तळव्याचा बारीकसा कण दगडावर राहिला तरी त्यातून नवं फूल उगवतं. सरकताना ते स्वतःही असे कण मागे सोडत जातं. अशा झपाट्याने वाढतं म्हणूनच प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी ते पाळलं आहे, आणि २०१५ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा आराखडाही प्रसिद्ध झाला. घरी ज्याचा शाप, त्याचं तिकडे कौतुक.

त्यावरचा एक उपाय नागपूरकराला सांगताना गंमत वाटते, कारण तो पानठेल्यावर खर्ऱ्यात पडतो: चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजमध्ये भरायची, टाकीचा पंप बंद करायचा आणि फूल सावध होऊन आत ओढून घेण्याआधी थेट तोंडावर सोडायची. संपृक्त चुन्याच्या निवळीचा पीएच साधारण १२.४ असतो, फूल आतून भाजून निघतं. पण एका बैठकीत दोन-चारच फुलं. जास्त चुना गेला तर सगळ्या टाकीचा पीएच चढतो आणि त्यात फुलाआधी मासे जातात. चुनाही ठेल्यावरचा नको. त्यात काय मिसळलंय कोण जाणे. ज्यांना धीर आहे ते पेपरमिंट कोळंबी सोडतात, किंवा बर्घिया ही बिनकवचाची समुद्री गोगलगाय. ती एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. फुलं संपली की तीही उपाशी मरते.

काही पाहुणे आधी ऐकू येतात. रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज येतो, सकाळी एखाद्या शंखाचे तुकडे वाळूवर पडलेले असतात. ही मॅन्टिस कोळंबीची खूण, किंवा निरुपद्रवी पिस्तूल-कोळंबीची. शंख फुटले असतील तर पहिलीच. मोरपंखी मॅन्टिस कोळंबीच्या ठोशाचा वेग सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत मोजला गेलाय. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात अशा एका कोळंबीने टाकीची काच फोडली. तिला टायसन हे नाव न मिळतं तरच नवल. घरच्या टाकीत चोरून आलेल्या जाती लहान असतात, काचेला धोका नसतो. कोळंबी ज्या दगडात दडलीय तो टाकीबाहेर काढायचा आणि बिळात बाटलीतला साधा सोडा सोडायचा. ती स्वतःच बाहेर पडते.

काही मात्र सहजासहजी निघत नाहीत. इंग्लंडमधल्याच न्यूकीच्या मत्स्यालयात प्रवाळं रातोरात कापली जात होती. सापळे लावून झाले. शेवटी २००९ मध्ये सगळी मांडणी उकलली तेव्हा दगडांतून चार फुटी युनिस जातीची अळी निघाली. ती बहुधा लहान असताना दगडाबरोबर आली आणि आतल्या आत वाढत राहिली.

अशा गोष्टी वाचून एखाद्याला वाटतं, सरळ दगड उकळावा. आपल्या घरात दुधाच्या बाटलीपासून सगळं उकळून शुद्ध करायची सवय आहे. इथे ती जीवावर बेतू शकते. दगडावर झोअँथिड नावाची बटणासारखी मऊ प्रवाळं असतील तर त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या अत्यंत जहाल नैसर्गिक विषांपैकी एक. उष्णतेने ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर छातीत जातं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हन्टन गावात टाकी साफ करताना सुटलेल्या या विषामुळे अख्खं कुटुंब आणि मदतीला आलेले कर्मचारी रुग्णालयात गेले. हातमोजे, चष्मा आणि थंड पाणी, एवढ्यावरच भागवावं.

त्यापेक्षा दारातच चौकशी केलेली बरी. नवा तुकडा आधी टाकीच्याच पाण्यात आयोडीन घालून बुचकळायचा, खाली पडतात ते जीव भिंगाखाली बघायचे आणि मग तो महिना-दीड महिना वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा. तांब्याचं औषध तिथेही नको. माशांच्या परजीवींना मारतं तसंच ते कोळंबीला, शंखाला आणि प्रवाळालाही मारतं.

बुचकळून उरलेलं पाणी नागपूरकर मोरीत ओततो. मोनॅकोत तसं खपलं नसतं. तिथे १९८४ मध्ये मत्स्यालयाच्या खालच्या समुद्रात टाकीतलं कॉलर्पा शैवाल सापडलं, चौरस मीटरभर. पुढच्या काही वर्षांत ते भूमध्य समुद्राच्या हजारो हेक्टर तळावर पसरलं. खाऱ्या टाकीतला जीव नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या गोड्या पाण्यात पडला तर थोड्या वेळात मरतो. गोड्या टाकीतला सकर मासा मात्र तगतो. उजनीच्या जलाशयात आता कोळ्यांच्या जाळ्यात तोच अडकतो, आणि त्याच्या काट्यांतून जाळं सोडवताना ते फाटतं.